पुठ्ठ्याच्या ईशानीचं डोहाळजेवण

ईशानीला साडी नेसवायला चौघीजणी लागल्या, कारण ईशानी पुठ्ठ्याची होती. पुढून माणसाएवढी, हसरी, आणि मागून दोन बांबू आणि खिळे. निऱ्या काढल्या की पुठ्ठ्यावरून घसरायच्या, पदर घ्यावा तर खांदा सपाट. शेवटी शेजारच्या घोलपवहिनींनी टाचण्या मागवल्या. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी उभ्या राहून सारख्या बजावत होत्या, की पोटावर आवळू नका, सातवा आहे तिला.

सातवा मलाही होता. मी स्वयंपाकघरात पुरणाच्या पातेल्याशी उभी राहून खिडकीतून हे सगळं बघत होते. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून अनवाणीच होते. मांडवात झोपाळा फुलांनी सजवला होता, केळीचे खांब बांधले होते, आणि बर्फी की पेढा ओळखायच्या दोन वाट्याही झाकून ठेवल्या होत्या. ईशानीला मुलगा होणार की मुलगी हे मालिका लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसेल, पण आमच्या कॉलनीला ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळायलाच हवं होतं.

या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा करमाळ्यात संध्याकाळी सात वाजता कुणाच्या घरी जायची सोय नव्हती. गेलात तर तुमचं तोंड न बघता बाई तुम्हाला हातानंच बसा म्हणायची आणि डोळे टीव्हीवर ठेवायची. 'तुझ्यावाचून सांज ढळेना' लागलेली असायची. त्यातला शर्विल तीन कारखान्यांचा मालक, पण कारखान्यात कधी कुणाला दिसला नाही. तो कायम घरी. त्याची बायको ईशानी जिन्यात उभी असो, देवळात असो, दवाखान्यात सलाईन लावून पडलेली असो, तो मागून यायचा, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि खर्जात विचारायचा, "जेवलीस का?" बस. एवढंच. त्यावर ती खाली बघून म्हणायची, तुमच्याआधी कशी जेवेन, आणि मागे बासरी वाजायची.

ती बासरी वाजली की आत्यांचं भाजी निवडणं थांबायचं. त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाणी मागितलं तर ते आत्यांना ऐकू यायचं नाही. मामा पुन्हा मागायचे. मग मी द्यायचे.

शर्विलचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण ते कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. पेपरातला त्याचा फोटो आत्यांनी कापून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावला होता. देव्हाऱ्यात नाही लावला, एवढी शुद्ध होती. मालिकेत त्याच्या गाडीला अपघात झाला तेव्हा आत्यांनी सोमवार धरले. तो शुद्धीवर आला त्या दिवशी घरात शिरा झाला. खोटं कशाला बोलू, मीही बघायचे, पोळ्या लाटता लाटता, दारातून मान काढून. माझा नवरा नागेश चाकणला कंपनीत होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा, आणि आला की पहिलं विचारायचा, आई कुठंय. तेव्हा मलाही त्या बासरीचं थोडं काहीतरी व्हायचं, नाही असं नाही.

पण मग मला दिवस राहिले आणि बघणं सुटलं. आधीचं एक माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला माझ्यासमोर आत्यांना सांगितलं होतं, की हिला जास्त उभं राहू देऊ नका, सातव्यात माहेरी पाठवा, आणि मग हिने पडून राहायचं. आत्यांनी तिथं मान हलवली. घरी आल्यावर म्हणाल्या, डॉक्टरला काय, बोलायचेच पैसे असतात त्यांना. माझं डोहाळजेवण करायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं. एकदा गेलेलं आहे, गाजावाजा केला की नजर लागते. मी म्हटलं बरं. मला झोपाळा नको होता, फुलं नको होती. मला फक्त बार्शीला जाऊन आईच्या घरी पाय वर करून पडायचं होतं. हे मूल मला ठेवायचं होतं.

पण जायचं तर आधी ओटी भरायला हवी. आमच्यात तशी रीत आहे. सातव्यात सासू सुनेची ओटी भरते, आणि भरल्या ओटीनं तिला माहेरची माणसं घेऊन जातात. ओटी भरल्याशिवाय पोटुशी बाई उंबरा ओलांडत नाही, आणि आठवा लागला की तिला कुणी प्रवासाला पाठवत नाही. म्हणजे सातव्यात राहिलं की थेट नववा. नवव्यापर्यंत त्या स्वयंपाकघरात मी उभी राहू शकेन असं मला वाटत नव्हतं.

आत्या आज करू उद्या करू म्हणत राहिल्या. आधी अमावास्या आडवी आली, मग मामांच्या चुलतभावाचं सुतक आलं. आणि सुतक फिटतंय तोवर शर्विलच येणार असं कळलं. पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन त्याच्या हस्ते होणार होतं, आणि घोलपवहिनींचे मिस्टर त्या दुकानदाराचे दोस्त. वहिनींनी आणि आत्यांनी मिळून असं जमवलं, की दुकानावरून जाता जाता तो आमच्या कॉलनीत थोडा वेळ थांबेल. थांबेल तर काय करायचं? मालिकेत ईशानीला सातवा लागला होता. तिला दिवस राहिले माझ्यानंतर, पण मालिकेत महिने भराभर जातात. म्हणून तिचंच डोहाळजेवण करायचं ठरलं. खरी ईशानी येणार नव्हती. मग पुठ्ठ्याची केली.

मी आत्यांना म्हटलं, की मग माझीही ओटी त्याच दिवशी भरून टाका, सोमवारी आठवा लागतोय.

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी अभद्रच बोलले. "एका उंबऱ्यात एकाच वेळी दोन गर्भारणींची ओटी भरत नाहीत," त्या म्हणाल्या. "एकीचं दुसरीला बाधतं. आधी तिची होऊ दे. तुला नवव्यात पाठवते."

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही, कारण त्या खरंच तसं मानून बोलत होत्या. त्यांच्या हिशेबी घरात दोन पोटुशा होत्या आणि त्यातली मी धाकटी. रात्री नागेशला फोन केला तर तो म्हणाला, आई म्हणते तर काहीतरी असेल, तू वाद घालू नकोस. मग मी बार्शीला फोन केला आणि अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं, की रविवारी, कार्यक्रमाच्या दिवशी, जीप घेऊन या, पुढचं मी बघते. बघणार काय होते, ते मलाही माहीत नव्हतं.

अण्णा सकाळीच आले. शेजाऱ्यांची जीप मागून आणली होती, मागच्या सीटवर आईनं गादी घालून दिली होती. मुलीचा बाप तो, विहिणीपुढे काय बोलणार. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, आलाच आहात तर कार्यक्रम बघून जा, पोरीला मात्र नवव्यात. अण्णा बरं म्हणाले आणि अंगणात खुर्चीवर बसून राहिले. मग मांडवात खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा कुणीतरी येऊन त्यांच्या खालची खुर्चीही मागून नेली. ते जीपमध्ये जाऊन बसले. ते बघून माझा जीव तुटला, आणि मी पुरणात जायफळ दोनदा घातलं.

शर्विल यायला दुपार टळली. तोवर डोहाळगाणी दोनदा म्हणून झाली होती, बायकांच्या गजऱ्यांनी माना टाकल्या होत्या. एक पांढरी गाडी फाटकाशी थांबली. सगळ्या उठल्या. पण शर्विल उतरलाच नाही. उतरला तो त्याचा मॅनेजर, कानाला फोन लावलेला. त्यानं मांडवात नजर टाकली, झोपाळ्यातली ईशानी बघितली, आणि त्याचा चेहरा बदलला.

तो आत्यांना बाजूला घेऊन म्हणाला, हे कटआउट काढा. मॅडमचा फोटो असेल तिथं सर बसणार नाहीत. आत्यांना कळेना. मग त्यानं स्पष्टच सांगितलं. त्या दोघांचं सहा महिन्यांपासून पटत नव्हतं, सेटवरही एकमेकांशी बोलत नव्हते, शूटिंगपुरतं काय ते. सर म्हणतात, तिचा पुठ्ठा असेल तर गाडी वळवा.

ज्या माणसाला ईशानीवाचून संध्याकाळ काढता येत नव्हती, तो तिच्या पुठ्ठ्याशेजारी बसायला तयार नव्हता. मला वाटलं, आता आत्यांना काहीतरी उमगेल. पण आत्या लगेच सावरल्या. नवरा-बायकोत रुसवेफुगवे असायचेच, त्या बायकांना म्हणाल्या, आणि दिवसांत तर जास्तच.

तरी अडचण होतीच. पुठ्ठा काढला तर झोपाळा रिकामा. रिकाम्या झोपाळ्याची ओटी कशी भरणार? घोलपवहिनी म्हणाल्या, आपल्यातलीच एखादी बसवू. कुणाला बसवायची? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांनाच बसायचं होतं, पण पोट कुणालाच नव्हतं.

मी तेव्हा पुरणपोळ्यांचं ताट घेऊन दारात आले होते. ते खाली ठेवलं आणि म्हटलं, "मी बसते."

आत्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, "का? ओटी एकच भरायची आहे ना? एकच भरा. पुठ्ठ्याची भरू नका, म्हणजे दोन व्हायच्या नाहीत." मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला, या बाई चालतील की, पोटही खरं आहे, बसवा लवकर. त्याचा शब्द म्हणजे शर्विलचा शब्द. आत्यांचं काही चाललं नाही. ईशानीच्या टाचण्या काढून तिची हिरवी साडी मला नेसवली. फुलांचा हार, फुलांचे बाजूबंद, सगळं घातलं. पुठ्ठा मांडवामागे भिंतीला टेकवून ठेवला, तोंड भिंतीकडे करून. मी झोपाळ्यात बसले. महिन्याभरात दिवसाउजेडी मी बसले ती त्याच वेळी, आणि मला रडू यायला लागलं. बायकांना वाटलं, मी ईशानीचं काम किती छान करतेय.

शर्विल उतरला. टीव्हीत दिसतो त्याहून बुटका होता, आणि चेहऱ्यावरचा मेकअप मानेपाशी संपला होता. तो माझ्याशेजारी टेकला तसा गुटख्याचा भपकारा आला. बायकांनी फोन वर धरले. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. फोनकडे बघत माझ्या खांद्यावर हात ठेवला, मॅनेजरनं दिलेला माईक तोंडाशी नेला आणि तो खर्ज लावला.

"जेवलीस का?"

मांडवभर एक सुस्कारा गेला. आत्या अगदी पुढच्या रांगेत होत्या, हात जोडलेले, डोळे भरलेले. माईक माझ्या तोंडाशी आला. मला काय म्हणायचं ते माहीत होतं, शाळेतल्या पोरींनाही पाठ होतं.

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून उभी आहे."

आधी एकजण हसली, मग दुसरी, आणि सगळा मांडव हसायला लागला. टाळ्या वाजल्या. शर्विलही हसला, माईकवर म्हणाला, वा, करमाळ्याच्या ईशानी फारच विनोदी आहेत. कुणी पाण्याचा पेला आणला नाही. मी जे खरं बोलले होते ते सगळ्यांना आवडलं, आणि तेवढ्यावर ते संपलं.

मग ओटी. आत्या पुढे झाल्या. हळदकुंकू लावलं, माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ, खण, पाच फळं. सगळा वेळ त्या शर्विलकडे बघत होत्या, त्यामुळे कुंकू माझ्या भुवईवर लागलं. "ईशानी बाई, सुखरूप सुटून ये," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, खरं पाणी. दोन वर्षांत त्या घरात माझ्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते माझ्यासाठी नव्हतं. तरी मी वाकून पाया पडले.

शर्विल फोटो काढून गेला. पुरणपोळी त्यानं खाल्ली नाही, डाएट होतं. बर्फी की पेढा बघायचं राहूनच गेलं. गाडी वळली तशा सगळ्या बायका फाटकाकडे धावल्या, आणि मी पदरातली ओटी सांभाळत झोपाळ्यातून उतरून सरळ आत गेले, माझी पिशवी घेतली आणि बाहेर आले.

आत्या फाटकावरून परतत होत्या. मी त्यांना म्हटलं, की ओटी भरली, सातवा आहे, अण्णा आलेत, मी निघते.

त्या गडबडल्या. "ती ईशानीची ओटी होती," म्हणाल्या.

"नारळ माझ्या पदरात आहे," मी म्हटलं.

"पण मी तिच्या नावानं भरली."

"मग नाव तिला द्या. ओटी मी नेते."

आत्यांनी खरंच हात पुढे केला, नारळ काढून घ्यायला. ते मी आजही विसरले नाही. तेव्हा घोलपवहिनी मध्ये आल्या. शर्विलच्या पायी त्याही आत्यांइतक्याच वेड्या होत्या, पण रीतीला पक्क्या. भरलेली ओटी कधी कुणी काढून घेतं का, त्या म्हणाल्या, पोटुशीच्या पदरातला नारळ उचललास तर काय होईल, जरा भान ठेव. बाकीच्या बायकाही भोवती जमल्या होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना माझी दया नव्हती आली, त्यांना अपशकुनाची भीती वाटली होती. मला दोन्ही चालण्यासारखं होतं. आत्यांनी हात मागे घेतला.

अण्णांनी मला मागच्या सीटवर बसवलं. गादीवर पाय लांब केले तेव्हा कमरेतून कळ निघाली आणि हळूहळू थांबली. मामा ओसरीवर आले आणि त्यांनी हात वर केला. बाळंत झाल्यावर सव्वा महिन्यानं येते, मी त्यांना ओरडून सांगितलं.

जीप सुरू झाली आणि आत्या लगबगीनं येताना दिसल्या. अण्णांनी थांबवली. मला वाटलं, आता चारचौघांत अपमान केला म्हणून ऐकवणार. किंवा, खरं सांगू का, मला वाटलं, जिवाला जप म्हणतील. त्यांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला, मागे कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि वाकून हळू आवाजात विचारलं, "त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता ना गं. कसा होता हात?"

साठीला आलेली बाई, आणि चेहरा नव्या नवरीसारखा लाजलेला. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण माझे पाय सुजलेले होते, आणि मला त्यांना दुखवावंसं वाटलं.

"गार होता, घामट," मी म्हटलं. "तोंडाला गुटख्याचा वास मारत होता. आणि फोटो काढताना हसत हसत मॅनेजरला म्हणाला, या बायकांचं अजून किती वेळ चालणार."

आत्यांचा चेहरा उतरला. डोळे भरून आले. झालं, मी मनात म्हटलं, सुटली एकदाची बाई या वेडातून.

"दमला असेल गं बिचारा," आत्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघायला कुणी आहे का तिथं?" आणि पदरानं डोळे पुसत त्या मांडवाकडे गेल्या.

अण्णांनी विचारलं, निघायचं का. मी हो म्हटलं. जीप परांड्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मी ठरवलं, की सव्वा महिन्यानंही इथं परत यायचं नाही. मुलगी झाली, चांगली धडधाकट, आणि तिला घेऊन मी बार्शीहून गेले ती थेट चाकणला, नागेशच्या एका खोलीत. त्याला विचारलं नाही, कळवलं. करमाळ्याला नंतर जायचे ते सणापुरतं, पाहुणीसारखी, आणि गेल्या गेल्या आधी बसून घ्यायचे.